रविवारचा इंच

३ मार्च

रा. रा. मुख्य लिपिक, जलनोंद कार्यालय, यांस

सेवानिवृत्त तळे-निरीक्षक यांचा रीतसर नमस्कार.

आपल्या कार्यालयाची छापील सूचना काल दुपारी मिळाली. तीत माझ्या देखरेखीखालील तळ्याचा उल्लेख 'वर्ग नववा, हौद' असा केलेला आहे. खाली सही आपली आहे. आपण माझ्या दिवंगत पत्नीचे धाकटे बंधू आहात, हे नाते मी या पत्रात आणणार नाही. ते आणले असते, तर दोन वर्षांत आपले एकही पत्र का आले नाही, हेही विचारावे लागले असते. ते मी विचारलेले नाही, याची नोंद घ्यावी.

मूळ मुद्दा असा की, हौद माणूस बांधतो आणि तळे आपोआप होते. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे आहे. परंतु ती चौथी मी पुरी केली आहे, आणि तीत पाण्याचे प्रकार होते. नदीचे पाणी सदैव निघालेले असते. तिला बसा म्हणण्यात अर्थ नसतो. झरा बोलतो फार आणि देतो थोडे. डबके पावसाळ्यात येते, आपलेच घर असल्यासारखे पसरते आणि न सांगता जाते. सरोवर इतके खोल असते की त्याच्या तळाला सूर्य ठाऊक नसतो. तळ्याचे तसे नाही. तळ्याच्या तळापर्यंत ऊन पोहोचते, म्हणून तेथे वनस्पती रुजतात, म्हणून बेडूक राहतात, म्हणून बगळा येतो. आमच्याकडे हे सर्व आहे. आपल्या हौदात बगळा येत असल्यास कळवावे.

पुरावा म्हणून माझ्या एकतीस नोंदवह्या आपल्या दफ्तरात आहेतच. सकाळी सात वाजता मी पायऱ्यांवरून उतरून तराफ्यावर उभा राहतो आणि त्याच्या टोकाशी पाण्यात गेलेल्या फळीवरचा आकडा वाचतो. नेमणुकीच्या पहिल्या महिन्यात पाणी चंचल होते. पुढे ते माझ्या हाताखाली स्थिरावले, आणि तेव्हापासून पातळी चार फूट एक इंच आहे. उन्हाळा येवो वा पावसाळा, या तळ्याने आपली जागा सोडली नाही. घरंदाज पाणी आहे. ज्या वर्षी मी तीन आठवडे तापाने अंथरुणाला खिळलो, त्या वर्षी उठल्यावर पाहतो तो पाणी पाव इंचाने खाली गेले होते. आपले मागील मोठे साहेब पाहणीस आले, त्या दिवशी ते दोन इंच वर आले. मुक्या पाण्याला माणसे कळतात. दर रविवारी ते एक इंच वाढत असे. गेली दोन वर्षे ती वाढ थांबली आहे. वहीत कारणाचा रकाना नसल्याने मी कारण लिहिलेले नाही.

उन्हाळ्यात पायऱ्या अधिक उतराव्या लागतात एवढाच त्रास. परंतु उष्णतेने गुडघे कुरकुरतात, त्याला पाणी काय करणार.

तरी वर्ग दुरुस्त करून तसे लेखी कळवावे.

आपला,
तळे-निरीक्षक (सेवानिवृत्त, परंतु दुसरा कोणी न नेमल्याने कार्यरत)


९ मार्च

ती. दाजींना टाचणीचा नमस्कार.

दाजी, 'रा. रा. मुख्य लिपिक' वाचून मी मागे वळून पाहिले, कोण आले म्हणून. अक्का मला टाचणी म्हणायची आणि तुम्हीही म्हणायचात. तेच चालू द्या. दोन वर्षे पत्र लिहिले नाही, कारण पत्ता लिहायला घेतला की हात आधी तिचेच नाव लिहायचा. पाच पाकिटे वाया गेली. पुढे लाज वाटायला लागली. असो.

आता कामाचे. हौदाचा वर्ग मी लावलेला नाही. नवे साहेब रस्ते खात्यातून आले आहेत. त्यांच्या लेखी पाणी म्हणजे खड्ड्यात साचते ते. त्यांनी सगळ्या नोंदवह्या मागवल्या आणि तुमच्या वह्या वाचता वाचता खुर्चीत ताठ बसले. म्हणाले, "तळं उन्हाळ्यात उतरतं. सरोवर उतरतं. नदी चढते, उतरते. समुद्र तर दिवसातून दोनदा मागेपुढे करतो. एकतीस वर्षं एका जागी राहील असं पाणी माणसानं बांधलेलंच असणार."

मी म्हटलं, "साहेब, रविवारी एक इंच वाढतं की."

तर म्हणतात, "तेच तर. रविवारी सुट्टी, वापर नाही, म्हणून हौद भरतो. आणि दोन वर्षांपासून वाढ बंद, म्हणजे नळ बिघडलाय. लिहून घ्या."

मी लिहून घेतले. माझी नोकरी लिहून घेण्याचीच आहे.

दाजी, हौदाचे नियम मी दोनदा वाचले. हौद उपसून, तळ घासून, पूड टाकून, वर काँक्रीटचे झाकण घालायचे असते. तारीख ठरली आहे, पंधरा एप्रिल. माणसे पाहणीला येतीलच.

एक सुचवतो, रागावू नका. गेल्या चार-पाच उन्हाळ्यांच्या आकड्यांत पेन घसरला होता, असे लिहून द्या. चार फूट एक इंचाऐवजी दोन फूट तीन इंच वगैरे. माझ्याकडे खोडरबर आहे, टाचण्याही आहेत. तळे वाचेल.

तुमचा,
टाचणी


१४ मार्च

रा. रा. मुख्य लिपिक यांस

माझा पेन आजवर घसरलेला नाही. आपले खोडरबर आपल्यापाशी ठेवावे.

आपली दोन माणसे काल येऊन गेली, त्यांचा वृत्तान्त पाठवीत आहे. एक गवंडी होता व दुसरा नळदुरुस्तीवाला. गवंडी काठाने फिरत फीत धरीत होता व फीत संपली की तेथेच बसत होता. नळदुरुस्तीवाला सरळ माझ्याकडे आला.

"आजोबा, नळ कुठंय?"

"नळ नाही."

"मग पाणी कुठून येतं?"

"वरून."

"वरून म्हणजे टाकी?"

"वरून म्हणजे ढग."

त्याने कागदावर 'उंचावरील टाकी, मालकी अज्ञात' असे लिहिले. नंतर दुपारपर्यंत तो पाणकणसांमध्ये नळ शोधत होता. त्याला एक कासव सापडले. ते फिरवून पाहिले, फिरले नाही. तेव्हा 'झडप जाम' असा शेरा लिहून त्याने ते परत ठेवले. माणूस मनाने वाईट नाही.

गवंडी मला म्हणाला, "झाकण गोल पाहिजे का चौकोनी?"

मी म्हणालो, "हे तळे आहे. त्याला कोपरे नसतात."

"मग चौकोनीच करतो. गोलाला फळ्या धड बसत नाहीत." थोडा वेळ पाण्याकडे पाहून तो पुन्हा म्हणाला, "एक अडचण आहे. दोन एकरांचं झाकण उचलायला मूठ कुठं लावायची?"

मी या प्रश्नाचे उत्तर देण्यास बांधील नाही, असे त्यास सांगितले.

जाताना त्यांनी काठावरील झाडाला एक कागद चिकटवला. 'हौदात वास्तव्य करणाऱ्या सर्वांनी सात दिवसांत हौद रिकामा करावा. हरकत असल्यास लेखी कळवावी.' बेडकांनी त्याच संध्याकाळी हरकत घेतली. ती तोंडी असल्याने मी ती येथे लेखी नोंदवीत आहे. हरकत घेणाऱ्यांची संख्या मोजता आली नाही.

आज सकाळची पातळी चार फूट एक इंच. खोटे लिहून तळे वाचवण्यापेक्षा खरे सांगून ते वाचवावे, असे माझे मत आहे. आपले मत निराळे असल्यास ते आपल्यापाशी राहू द्यावे.

तळे-निरीक्षक


२२ मार्च

ती. दाजी,

तुमच्या पत्रातली बेडकांची हरकत मी रीतसर आवक केली. तिला क्रमांक पडला आहे. साहेबांनी 'सह्या नाहीत' म्हणून परत पाठवली.

आठ दिवस मी दुसरे काही केलेले नाही. खोटे लिहायचे नाही म्हणता, तर म्हटले नियमांतच फट शोधू. दाजी, या नियमांत मुंगी शिरणार नाही. सरोवर लिहावे, तर तळाला ऊन पोहोचत नसल्याचा दाखला लागतो, आणि तुम्ही तर पहिल्याच पत्रात ऊन पोहोचते म्हणून लिहून बसलात. नदीला दोन तोंडे लागतात. ओढ्याला आवाज लागतो. बेडकांचा चालेल का विचारले, चालत नाही. समुद्र लिहिला तर दीपगृह बांधावे लागते आणि त्यात राहणारा माणूसही आपणच आणायचा. दलदल मला सोपी वाटली होती. पण आत गेलेला माणूस बाहेर येत नाही, असा दाखला हवा, आणि त्यावर सही त्याच माणसाची लागते.

शेवटी मीच साहेबांसमोर उभा राहिलो. "साहेब, तळंच आहे हो ते. मी पाहिलंय. लहानपणापासून नसलं तरी तरुणपणापासून पाहिलंय."

"तुम्ही त्यांचे कोण?"

"मेहुणा."

"मग तुमची साक्ष पातळ." पुढे म्हणाले, "पाणी वर्षभरात चढतं-उतरतं, हे त्या वह्यांव्यतिरिक्त दुसऱ्या कुणी त्या त्या वेळी लिहून ठेवलं असेल तर आणा. मग तळं."

असे कोण लिहून ठेवणार? पण तुमच्या पहिल्या पत्रातले एक वाक्य माझ्या डोक्यात टोचत राहिले आहे. उन्हाळ्यात पायऱ्या जास्त उतराव्या लागतात म्हणालात. दाजी, एक काम करा. घाटाच्या पहिल्या पायरीपासून तराफ्यापर्यंत आज किती पायऱ्या उतरता, ते मोजून कळवा. आणि ऐन पावसाळ्यात साधारण किती उतरता, तेही. का ते विचारू नका.

तुमचा,
टाचणी


२८ मार्च

रा. रा. मुख्य लिपिक यांस

कार्यालयीन चौकशीत माझ्या गुडघ्यांना ओढण्याचे प्रयोजन कळले नाही. तथापि विचारलेली माहिती न देणे हा माझा स्वभाव नाही.

आज मोजल्या. चौदा. पावसाळ्यात चार, फार तर पाच. वयोमानाप्रमाणे उन्हात पायऱ्या वाढतात, हे कोणताही वैद्य सांगेल. तरुणपणीही वाढत असत, हे खरे आहे. परंतु माझे गुडघे पहिल्यापासूनच नाजूक आहेत.

काठावर काल पाणी उपसण्याचे यंत्र आणून ठेवले आहे. त्यावर ताडपत्री आहे. बगळा तिच्यावर बसतो. पातळी चार फूट एक इंच.

तळे-निरीक्षक


२ एप्रिल

ती. दाजी,

हे पत्र बसून वाचा. शक्य तर घरात, तराफ्यावर नको.

अक्का मला दर महिन्याच्या एक तारखेला पत्र लिहायची, हे तुम्हाला ठाऊक आहे. तीस वर्षे पेटीत टाकायला तुम्हीच जात होता, आणि एकही उघडून पाहिले नाही, हेही मला ठाऊक आहे. ती सगळी माझ्याकडे आहेत, महिन्यावार टाचून. तुमचा चौदाचा आकडा आला त्या संध्याकाळी मी ट्रंक उघडली.

दाजी, प्रत्येक पत्राची पहिली ओळ एकच. 'आज पाच पायऱ्या कोरड्या.' 'आज सतरा पायऱ्या कोरड्या.' मला वाटायचे, ही तिची खुशाली कळवायची पद्धत. कुणी 'क्षेम आहे' लिहितो, तशी. मी ती ओळ ओलांडून पुढे वाचायचो. आता सगळ्या ओळी एकाखाली एक उतरवून काढल्या. पावसाळ्यात चार-पाच, उन्हाळ्यात सोळा-सतरा, दर वर्षी, न चुकता. तळे चढते आणि उतरते. साहेबांना हवा तो पुरावा हाच.

पण मग तुमची फळी? त्याचे उत्तर तुमच्या नेमणुकीनंतरच्या पहिल्या पत्रात आहे. ते मी तेव्हा वाचले होते, हसलो होतो आणि विसरलो. एकविसाव्या वर्षी माणसाच्या लक्षात बहिणीचा नवरा चिखलात पडला एवढेच राहते. जसेच्या तसे उतरवतो.

'चि. टाचण्या, आज सहा पायऱ्या कोरड्या. ह्यांना तळ्यावर नेमून महिना झाला. आकड्यांची फळी पाण्यातल्या खांबावर आहे. ती वाचायला हे चिखलात उतरतात आणि रोज एकदा तरी पडतात. पडले तरी आकडा विसरत नाहीत, तिथूनच ओरडून सांगतात आणि मी लिहून घेते. काल डोकं आपटलं. आज हे बाजारात गेल्यावर मी सुताराला बोलावलं आणि फळी खांबावरून काढून तराफ्याच्या टोकाला ठोकून घेतली. आता कोरडं उभं राहून वाचता येईल. सुतार म्हणाला, बाई, तराफा तर पाण्याबरोबरच वरखाली होणार, आकडा हलणार कसा? मी म्हटलं, न हलला तर न हलला. पाणी कुठं पळून जात नाही. माणूस धड घरी आला पाहिजे. ह्यांना बोलू नकोस.'

आणि हे त्यानंतर दोन महिन्यांनी.

'आज चार पायऱ्या कोरड्या. ह्यांना तोच तोच आकडा लिहून कंटाळा येत असेल असं वाटलं. म्हणून रविवारी चहा घेऊन मीही तराफ्यावर जाऊन उभी राहते. माझ्या वजनानं तराफा जरासा दबतो आणि फळीवर बरोबर एक इंच वाढतो. तेवढाच बदल. हे इतके खूश होतात की आठवडाभर तेच सांगतात.'

दाजी, मी साहेबांच्या टेबलावर अजून काहीही ठेवलेले नाही. ही पत्रे दिली, तर तळे वाचते आणि तुमच्या एकतीस वह्या खोट्या ठरतात. तुमच्या सहीचा कबुलीजबाब जोडावा लागेल. नाही दिली, तर वह्या खऱ्या राहतात आणि पंधरा तारखेला त्या तळ्यावर झाकण बसते. हे मी ठरवणार नाही. मला तो अधिकार नाही आणि छातीही नाही.

तुमचा,
टाचणी


११ एप्रिल

ती. दाजी,

नऊ दिवस झाले. तुमचे उत्तर कधी आठवड्यावर गेले नाही. आज यंत्राच्या तेलाची मागणी माझ्याच हाताखालून गेली. मी ती तीन वेळा चुकीच्या फाइलीत टाचली. चौथ्यांदा साहेब स्वतः घेऊन गेले.

रागावला असाल तर रागावून लिहा. एवढे कळवा की चालता-फिरता आहात.

टाचणी


१२ एप्रिल

चि. टाचणी यास आशीर्वाद.

आपली दोन्ही पत्रे मिळाली. विलंबाचे कारण असे की आठ दिवस मी पातळी वाचली नाही. एकतीस वर्षांत वही कोरी राहण्याची ही पहिलीच वेळ. तापात माझ्या जागी आपली अक्का वाचत असे आणि मला अंथरुणावर सांगत असे. तेव्हा फळीवरचा आकडा चार फूट एक इंचच असल्याचे ती सांगे. एकट्या तिच्या वजनाला तो आकडा येत नाही, म्हणजे तो तिने तराफ्यावर न जाताच सांगितला, हे आज कळते.

नवव्या दिवशी, म्हणजे आज, सकाळी सात वाजता मी खाली गेलो. ऐकीव गोष्टीवर सही करण्याची मला सवय नाही. मी प्रयोग केला. यंत्राच्या राखणीला तो नळदुरुस्तीवाला ठेवलेला आहे. त्यास तराफ्यावर बोलावले.

"कशाला आजोबा? बुडवताय का मला?"

"उभे राहा आणि हलू नका."

तो उभा राहिला. चार फूट अडीच इंच. त्यास काठावर जाण्यास सांगितले. चार फूट एक इंच. पुन्हा बोलावले. अडीच. असे सात वेळा केले. आठव्या वेळी तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही माझं वजन करताय का?"

मी म्हणालो, "होय. एकतीस वर्षे मी माझेच करीत होतो."

तो तराफ्यावरून उतरला. पुढे त्याने घाटाच्या पायऱ्या पाहिल्या, त्यांच्यावर पाण्याने सोडलेल्या हिरव्या रेघा पाहिल्या, आणि खिशातून कागद काढून 'उंचावरील टाकी' हे शब्द खोडले. मी मागे लिहिलेच होते, माणूस मनाने वाईट नाही.

त्या ताप आलेल्या वर्षी पाणी पाव इंच उतरले नव्हते. मी उतरलो होतो. आपल्या मोठ्या साहेबांच्या मानाने तळे दोन इंच वाढले नव्हते. साहेबच तेवढे होते. हे मला कळावयास हवे होते. मी पायऱ्या मोजल्या नाहीत. माझ्या कामात फळी होती, पायऱ्या नव्हत्या. तिच्या कामात दोन्ही होते.

मला एक गोष्ट आठवली, ती लिहितो. रविवारी आकडा वाचून मी म्हणत असे, "पाहा, आज पुन्हा एक इंच." ती म्हणे, "पाहू, पाहू," आणि वाकून पाही. दर वेळी पहिल्यांदाच पाहिल्यासारखी. पंधराशे रविवार होतात.

कबुलीजबाब सोबत जोडला आहे. त्यातील एकही शब्द बदलू नये.

'खाली सही करणार तळे-निरीक्षक असे लिहून देतो की, माझ्या एकतीस नोंदवह्यांतील आकडे, तापाचे तीन आठवडे वगळता, मी सकाळी सात वाजता समक्ष वाचलेले असून त्यांतील एकही आकडा खोटा नाही. परंतु ते आकडे पाण्याचे नाहीत. पाण्याचे आकडे माझ्या पत्नीने पायऱ्यांवरून घेतलेले असून ते तिच्या बंधूंकडे आहेत. पाण्यापुरते तेच ग्राह्य धरावेत. सदर पाणी उन्हाळ्यात उतरते व पावसाळ्यात चढते. त्याच्या तळाशी ऊन पोहोचते. ते तळे आहे. वरील वह्या पाण्यासंबंधी नसल्याने कार्यालयास त्यांचा उपयोग नाही. सबब त्या मला परत मिळाव्यात.'

हे घेऊन नळदुरुस्तीवाला आजच निघत आहे. टपाल हरवले तर दुसरे पाठवण्यास वेळ नाही, आपल्यापाशी तीनच दिवस आहेत.

आशीर्वाद,
दाजी


२० एप्रिल

ती. दाजी,

यंत्र गेले, हे तुम्ही पाहिलेच असेल. बगळ्याला ताडपत्रीची चुटपुट लागली असेल, तर त्याच्या वतीने अर्ज करावा.

काय झाले ते सांगतो. नळदुरुस्तीवाला तेरा तारखेला घामाघूम होऊन आला आणि साहेबांच्या टेबलावर तुमचा कागद ठेवून तिथेच उभा राहिला. साहेबांनी कबुलीजबाब वाचला. नंतर अक्काची पत्रे मागितली. मी फक्त पहिल्या ओळींची यादी देणार होतो. ते म्हणाले, मूळ कागद पाहिजेत. बसून सगळी वाचली. जेवायला उठले नाहीत. संध्याकाळी मला आत बोलावले.

"तुमची बहीण कोणत्या हुद्द्यावर होती?"

"हुद्दा नव्हता, साहेब. घरी होती."

"मग ही नोंद कुणाच्या नावावर चढवू?"

मी म्हटलं, "तिच्याच."

दाजी, तुमचे तळे आता वर्ग पाचवा, तळे, असे कायम झाले आहे. झाकण रद्द. आणि दफ्तरात 'निरीक्षक' या रकान्यात, पहिल्या वर्षापासून, अक्काचे नाव चढले आहे. तुमचे नाव 'साहाय्यक' म्हणून आहे. याबद्दल तुम्ही काय ते मला बोला. मी ऐकून घेईन.

एक शेपूट मात्र राहिले. साहेबांना प्रश्न पडला, की वह्या पाण्याच्या नाहीत तर कशाच्या. त्यांनी फार विचार केला आणि तुमचा तराफा वजनमापे खात्याकडे कळवला. विनापरवाना वजनकाटा, एकतीस वर्षे वापरात. त्यांचा माणूस तराफ्यावर शिक्का मारायला येईल. त्याला उभे करून आधी त्याचेच वजन घ्या.

तुमच्या वह्या परत मिळाल्या आहेत. टपालावर माझा विश्वास नाही, म्हणून त्या मी स्वतः घेऊन येतो. येत्या रविवारी. सातच्या आत पोहोचेन.

तुमचा,
टाचणी


२ मे

चि. टाचणी यास अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोहोचल्याचे कळले. वह्या कपाटात क्रमाने लावल्या. त्यांच्या पाठीवरील 'पाणी' हा शब्द खोडून काढला. तेथे काय लिहावे ते अजून ठरलेले नाही, म्हणून जागा मोकळी ठेवली आहे.

साहाय्यक या पदाबद्दल मला काही म्हणावयाचे नाही. नेमणूक योग्य आहे. उशिरा कळली एवढेच.

वजनमापे खात्याचा माणूस परवा येऊन गेला. तराफा हलता असल्याने शिक्का तिरका बसला. त्याने मला विचारले, हा काटा कोणत्या मालासाठी वापरता. मी म्हणालो, घरच्या माणसांसाठी. तसा रकाना त्याच्याकडे नव्हता. त्याने 'किरकोळ' असे लिहिले. मी हरकत घेतलेली नाही.

आता रोज दोन नोंदी करतो. पायऱ्यांची नोंद वर, तिच्या नावाने, फळीची खाली. आज सतरा पायऱ्या कोरड्या. गुडघे ठीक आहेत.

तू आलास त्या दिवशी मी आकडा वाचला आणि तुला सांगितला नाही. चष्मा पुसण्याचे निमित्त केले, ते तुझ्या लक्षात आले असावे. तुझे वजन वाढत नाही म्हणून ती आयुष्यभर काळजी करीत असे. ती काळजी खरी होती. तू माझ्या शेजारी, चहाचा पेला घेऊन, तिच्याच जागी उभा होतास. त्या सकाळची नोंद तुझ्या माहितीसाठी उतरवून देतो.

रविवार, सकाळी सात. पायऱ्या सोळा कोरड्या. फळी चार फूट दोन इंच.

येत्या रविवारी आलास तर सातच्या आत ये. येताना फार खाऊन येऊ नकोस.

तुझा,
दाजी
साहाय्यक तळे-निरीक्षक